बोटातला थेंब आणि अँटिबायोटिकची चिठ्ठी: नव्याने दवाखाना टाकलेल्या डॉक्टरांसाठी

सप्टेंबर उलटत आला की आमच्याकडची ओपीडी दुपारी तीनपर्यंत आवरत नाही. सोयाबीन काढणीला आलेलं, मध्येच पावसाची सर, आणि घराघरात खोकला. पंचेचाळिशीच्या एक मावशी समोर बसतात. चार दिवस ताप आणि खोकला. "बरगड्या दुखायल्यात डाक्टर, रातभर डोळ्याला डोळा न्हाई." ताप १०१, श्वास मिनिटाला २२. उजव्या बाजूला खाली काहीतरी कुरकुरल्यासारखं वाटतं, आणि खोकायला लावून पुन्हा ऐकलं तर ते गेलेलं असतं. एक्स-रे तीस किलोमीटरवर. बाहेर बाकावर अठरा जण. अशा वेळी हात आपोआप अँटिबायोटिक लिहून मोकळा होतो. मीही कितीतरी वर्षं तसंच केलं.

आता मी अशा पेशंटच्या बोटातला एक थेंब घेतो आणि काही मिनिटांत सीआरपी, म्हणजे दाह झाला की रक्तात वाढणारं एक प्रोटीन, बघतो. परभणी, हिंगोली, बीड, लातूर, कुठल्याही तालुक्याच्या गावात नुकती पाटी लावलेल्या डॉक्टरांसाठी हे लिहितोय. टेस्ट कुणाची करायची, कशी करायची, आकडा आल्यावर काय करायचं आणि तो कुठे फसवतो, एवढंच सांगायचंय. मला स्वतःला हे सगळं चुका करत शिकावं लागलं, म्हणून जरा सविस्तर.

आकडा कशाचा आहे

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात एक पदार्थ सापडला. न्यूमोकॉकस जंतूच्या 'सी' पॉलिसॅकराइडशी गाठ पडली की तो साका धरायचा. म्हणून नाव पडलं सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. पुढे कळलं की ते आपलंच लिव्हर बनवतं. शरीरात कुठेही दाह पेटला की इंटरल्युकिन-६ चा निरोप लिव्हरकडे जातो आणि सीआरपी वाढायला लागतं. धडधाकट माणसात ते साधारण लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत असतं. व्हायरल सर्दी-खोकल्यात वाढतं, पण बहुतेक वेळा थोडंच. फुफ्फुसात जंतूंनी ठाण मांडलं की पुष्कळदा शंभराच्या पुढे जातं. अधल्यामधल्या आकड्यांत दोन्ही प्रकारचे पेशंट सापडतात, आणि तिथेच तुमचं डोकं लागतं.

या प्रोटीनचं घड्याळ पाठ करून ठेवा. दाह सुरू झाल्यावर सहा-आठ तासांनी ते वाढायला लागतं, दोन दिवसांच्या आसपास शिखर गाठतं, आणि दाह थांबला की दर १९ तासांना निम्मं होतं. "काल रात्री झोपताना थंडी वाजून आली" असं सांगणाऱ्या पेशंटचा सकाळी नऊ वाजता आकडा ८ आला, तर त्याने निश्चिंत होऊ नका. गाडी अजून स्टँडवरच असेल. त्याला उद्या बोलवा.

पहिली पायरी: बोट कुणाचं टोचायचं नाही

लॅन्सेट (बोट टोचायची सुई) उचलण्याआधी स्वतःला विचारा: आकडा १० आला तर मी काय करेन, आणि १५० आला तर काय करेन? दोन्हीचं उत्तर एकच असेल तर टेस्ट करू नका. पेशंटचे पैसे जातात आणि आपल्याला नसता घोळ हातात मिळतो.

नाक वाहतंय, शिंका आहेत, घसा खवखवतोय, दोन दिवसांची कणकण, छाती स्वच्छ. इथे टेस्ट नको आणि अँटिबायोटिकही नको. दुसऱ्या टोकाला जो पेशंट श्वास मिनिटाला ३० किंवा वर घेतोय, ज्याचं वरचं बीपी ९० च्या खाली गेलंय, जो विचारलेल्याचं भलतंच उत्तर देतोय, ज्याचा ऑक्सिजन ९४ च्या खाली आहे, त्याला आधी गाडी लागते. तो पेशंट छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात पोचवायचा. कोविडनंतर पल्स ऑक्सिमीटर प्रत्येकाच्या टेबलावर आहे, तो वापरा. अशा पेशंटवर सीआरपीची दहा मिनिटंही घालवू नका.

लहान मुलांच्या बाबतीत मी कडक आहे. पाच वर्षांखालच्या मुलाचा शर्ट वर करा, आईच्या मांडीवर शांत असताना छाती-पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लेकरं अनियमित श्वास घेतात. दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०, याच्या बरोबरीचा किंवा वरचा आकडा म्हणजे जलद श्वास. श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जाते का, मूल अंगावर पितं का, सुस्त पडलंय का, झटके आले का, हे बघायचं. दोन महिन्यांखालचं तापाचं बाळ मी दवाखान्यात ठेवतच नाही. यातलं काही दिसलं आणि मशीनने ९ दाखवलं, तर मशीन बाजूला ठेवायचं.

शाळकरी मुलांचा नुसता घसा हाही सीआरपीचा विषय नाही. टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेच्या पुढच्या गाठी दुखऱ्या, ताप आणि खोकला मुळीच नाही, हे सगळं जमून आलं तर स्ट्रेप्टोकॉकस धरून पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पूर्ण दहा दिवस द्या. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या तरुण बायका आपल्या भागात अजून बाळंतपणात धापा टाकत येतात. तिथे आकड्यावर विसंबून जोखीम घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

मग उरतात ते आपल्या कामाचे पेशंट. मोठ्या माणसाचा ताप-खोकला, एका दिवसापेक्षा जुना, तपासून झालं तरी मन ठरत नाही. वरच्या मावशी यातल्याच. दुसरा गट जुन्या दमेकऱ्यांचा: बिडी ओढलेले म्हातारे, आणि आयुष्यभर चुलीच्या धुरात बसलेल्या आजी, ज्यांचा खोकला हिवाळ्यात उसळतो. अशा सीओपीडीच्या पेशंटवर इंग्लंड-वेल्समध्ये झालेली चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. सीआरपी बघून ठरवलेल्या गटात ५७ टक्के लोकांनी अँटिबायोटिक घेतलं, नेहमीच्या गटात ७७ टक्के, आणि कमी घेणाऱ्यांच्या तब्येतीचं काही बिघडलं नाही.

या गटातल्या प्रत्येकाला एक प्रश्न न चुकता विचारा: "आधी कुठं दाखवलं का? सुई घेतली का?" गावात तापाला डेक्सा टोचून पाठवायची सवय अजून मोडलेली नाही. स्टेरॉइडने ताप उतरतो, पेशंटला बरं वाटतं, सीआरपीही खाली येतं. आतला न्यूमोनिया तिथेच असतो. दोन दिवस अँटिबायोटिक खाऊन आलेल्याचंही तसंच. आजीच्या पिशवीतून अर्धी रिकामी स्ट्रिप निघते, त्यावरचं नाव वाचल्याशिवाय आकड्याचा अर्थ लावू नका.

दुसरी पायरी: कुठली टेस्ट

तुमच्या गावातली लॅब 'सीआरपी पॉझिटिव्ह' असा रिपोर्ट देत असेल, तर ती बहुतेक लॅटेक्सची टेस्ट आहे. काचेच्या काळ्या पट्टीवर सीरम आणि पांढरं लॅटेक्स मिसळून हलवतात आणि रवाळ झालं की पॉझिटिव्ह म्हणतात. ही टेस्ट साधारण ६ मिलिग्रॅमलाच पॉझिटिव्ह होते. साध्या व्हायरल तापातसुद्धा माणूस ६ ओलांडतो. त्या 'पॉझिटिव्ह'वर अँटिबायोटिक सुरू करणं म्हणजे टेस्ट न करता देण्यापेक्षा वाईट, कारण आता तुमच्याकडे कागदाचा आधार आहे. लॅबवाल्या दादांना सांगा, सीरम पातळ करत करत टायटर काढून द्या. तेवढ्यानेही १२, २४, ४८, ९६ असा अंदाज येतो.

'हाय सेन्सिटिव्हिटी' नावाची सीआरपी वेगळी. ती हृदयविकाराचा धोका बघायला असते, आपल्या प्रश्नाला तिचा उपयोग नाही.

तुमच्या टेबलावर ठेवायची असेल तर दोन प्रकार मिळतात. एक, रेघा उमटणारी पट्टी. रेघांच्या संख्येवरून १० च्या खाली, १० ते ४०, ४० ते ८०, असे टप्पे कळतात. टप्पे कंपनीप्रमाणे बदलतात, डबीतला कागद वाचा. दोन, छोटं मशीन, ज्यात कॅसेट सारली की आकडा येतो. रोज दोन-तीनपेक्षा कमी टेस्ट होणार असतील तर पट्टी पुरते. संध्याकाळच्या ओपीडीत पिवळ्या बल्बखाली फिकट रेघ दिसत नाही, एवढं लक्षात ठेवा. मी पट्टी घेऊन खिडकीपाशी जातो.

आता एकक. यावर मी थांबणार आहे, कारण एका पेशंटला याची किंमत मोजावी लागली.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात अठ्ठावन्न वर्षांचे एक शेतकरी आले होते. ताप, खोकला, उजव्या कुशीत दुखणं. मी बाहेर एका लॅबला रक्त पाठवलं. रिपोर्टवर ९.६. दहाच्या खाली आहे म्हणून मी पॅरासिटामॉल आणि काढा सांगून घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी मुलाने मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलं, मागे पुतण्या धरून बसलेला. वाक्य पूर्ण बोलता येत नव्हतं. तो जुना रिपोर्ट मी पुन्हा उजेडात धरला तेव्हा आकड्यापुढची बारीक अक्षरं दिसली: एमजी पर डीएल. डेसिलिटर. म्हणजे लिटरला ९६. एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग पांढरा फटक. आठ दिवस ॲडमिट राहून ते बरे झाले, पण त्या तीन दिवसांचा दोष माझाच होता. आपल्याकडच्या लॅब दोन्ही एककांत रिपोर्ट देतात. डेसिलिटरचा आकडा दिसला की आधी दहाने गुणा, मग विचार करा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक रिपोर्टवर मी अजूनही लाल पेनाने एककाभोवती गोल करतो. या लेखातले सगळे आकडे लिटरचे आहेत.

तिसरी पायरी: थेंब

हे काम कंपाउंडरवर सोडण्याआधी स्वतः पन्नास वेळा करा.

पेशंटला बसवा, हात खाली लोंबू द्या. डाव्या हाताचं मधलं किंवा अनामिका बोट घ्या. टोकावर टोचू नका, तिथे दुखतं जास्त आणि रक्त येतं कमी. कडेला टोचा. कापूस वेचणीच्या दिवसांत आलेल्या बायांची बोटं बघा: बोंडांच्या वाळलेल्या कडांनी चिरलेली, कातडी जाड, थंडीत पांढरट पडलेली. अशा हाताला मी आधी कोमट पाण्याच्या वाटीत दोन मिनिटं बुडवून ठेवायला सांगतो, पुसून कोरडा करतो आणि मगच स्पिरिट लावतो. स्पिरिट वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर टोचलं तर झोंबतं आणि थेंब गोल न बसता पसरतो. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाका, दुसरा घ्या. बोट टोकापाशी पिळू नका, ऊतींमधलं पाणी मिसळून आकडा कमी येतो. तळव्याकडून बोटाकडे हलकेच ढकललं तर चालतं. नळी थेंबाला आडवी टेकवा, ती आपोआप भरते. खुणेपर्यंत भरली पाहिजे आणि आत बुडबुडा नको. बुडबुडा दिसला तर नवी नळी घ्या.

कॅसेटचं पाकीट टोचण्याच्या जरा आधी फोडा. पावसाळ्यात फोडून ठेवलेली कॅसेट हवेतली ओल पिते. वेळ घड्याळावर लावा. डबीवर पाच मिनिटं लिहिलं असेल तर पाचव्या मिनिटाला वाचा. पुढचा पेशंट तपासून वीस मिनिटांनी वाचलेली रेघ कितीही ठळक दिसो, ती सोडून द्यायची. लॅन्सेट पांढऱ्या, टोच न लागणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत.

किटची डबी बहुतेक वेळा ३० अंशांपर्यंतच टिकते. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२-४३ वर जातो आणि लाइट गेलेली असते. पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात ठेवलेली डबी महिनाभरात निकामी होते आणि वरून काहीच कळत नाही. फ्रिजमध्ये ठेवलेली असेल तर वापरण्याआधी अर्धा तास बाहेर काढा.

चौथी पायरी: आकडा वाचणं

ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१४ च्या न्यूमोनियाच्या मार्गदर्शनात तीन कप्पे दिले होते, आणि मी तेच धरून चालतो. तपासून न्यूमोनिया नक्की म्हणता येत नाही अशा मोठ्या माणसात आकडा २० च्या खाली: अँटिबायोटिक सहसा देऊ नका. १०० च्या वर: द्या. २० ते १००: चिठ्ठी लिहा, पण लगेच घ्यायला सांगू नका.

२० च्या खाली येणारे पेशंट तुम्हाला वाटतात त्यापेक्षा पुष्कळ निघतील. पहिले काही दिवस हात थरथरतो. असं वाटतं की आज दिलं नाही आणि उद्या काही झालं तर? व्हिएतनाममध्ये हनोईच्या आसपासच्या साध्या आरोग्य केंद्रांवर सुमारे २००० पेशंटवर झालेला प्रयोग २०१६ साली छापून आला. तिथली केंद्रं आपल्यासारखीच होती, गर्दीही तशीच. सीआरपी केलेल्या गटात ६४ टक्क्यांनी अँटिबायोटिक घेतलं, न केलेल्या गटात ७८ टक्क्यांनी. बरं व्हायला दोन्ही गटांना सारखेच दिवस लागले. मला त्या आकड्यांनी धीर दिला.

मधला कप्पा हा खरा कस आहे. मावशींचा आकडा ३४ आला. मी चिठ्ठी लिहिली, तिच्यावर तारीख टाकली परवाची, आणि सांगितलं: "ही चिठ्ठी डब्यात ठेवा. परवापर्यंत ताप उतरला नाही किंवा दम लागला तर मेडिकलमधून गोळ्या घ्या आणि मला फोन करा. ताप उतरला तर घेऊ नका. काही झालं तरी गुरुवारी बाजाराला याल तेव्हा दाखवून जा." पुढची भेट बाजाराच्या दिवसाला बांधली की लोक येतात. "तीन दिवसांनी या" म्हटलं तर येत नाहीत, कारण रोज बुडतो आणि जीपचं भाडं वेगळं.

पण थांबवून ठेवलेली चिठ्ठी सगळ्यांना चालत नाही. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. एकदा रात्री आठला एक जोडपं आलं, बाहेर ट्रक चालू उभा, त्यावर भांडीकुंडी, कोंबड्या, झोपलेली लेकरं. नवऱ्याला पाच दिवसांचा ताप, सीआरपी ६२. सकाळी तो फडात असणार होता, कुठल्या तरी कारखान्याच्या पट्ट्यात, जिथे ना ओळखीचा डॉक्टर, ना सुट्टी. त्याला मी तिथेच गोळ्या दिल्या, पाच दिवसांच्या पुड्या बांधून, आणि बायकोला धोक्याची लक्षणं दोनदा म्हणायला लावली. ज्याच्यावर पुन्हा नजर टाकता येणार नाही, ज्याची शुगर तीनशे आहे, जो वयाने पंचाहत्तर आहे, किंवा ज्या बाई गरोदर आहेत, त्यांच्यासाठी मधल्या कप्प्यात माझा कल औषधाकडे किंवा पुढे पाठवण्याकडे झुकतो. हे मी कुठल्या तक्त्यात वाचलेलं नाही. तुमचा कल तुम्ही ठरवा, पण आधी ठरवा.

आकडा मोठा आला म्हणजे जंतू कळला असं नाही

पावसाळा संपताना आपल्याकडे खोकल्याशिवायचा ताप खूप येतो. इथे सीआरपीची भूमिका बदलते. डेंग्यूत ते बहुधा फार चढत नाही. मलेरियात चांगलंच चढतं, आणि तिथे अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, म्हणून स्मिअर किंवा मलेरियाची रॅपिड टेस्ट आधी. डेंग्यूची एनएस१ टेस्ट पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी, आयजीएम टेस्ट त्यानंतर. डेंग्यूची शंका असताना कमरेत डायक्लोफेनॅक टोचू नका, पेशंट कितीही मागे लागला तरी. आणि ताप उतरल्यावरच्या दोन दिवसांत जास्त लक्ष द्या.

स्क्रब टायफसमध्ये (गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणारा ताप) आकडा शंभरावर जातो, तुम्ही सेफिक्झिम देता, पाच दिवस ताप हलत नाही. शेतात, बांधावर, गवतात काम करणाऱ्या माणसाचा आठवडाभराचा ताप असेल तर कपडे बाजूला करून काख, जांघ, कमरेचा पट्टा आणि बाईंच्या बाबतीत नर्सच्या मदतीने स्तनाखालची जागा बघा. सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली, दुखत नाही, म्हणून पेशंट सांगतही नाही. ती सापडली की डॉक्सिसायक्लिन. दोन दिवसांत ताप उतरतो.

खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी टीबीसाठी पाठवा, सरकारी रुग्णालयात सीबीनॅट फुकट होतं. टीबीतही सीआरपी वाढतं, आणि लिव्होफ्लॉक्सासिनने टीबीचा खोकला काही दिवस दबतो. पेशंट खूश, निदान महिनाभर लांबलं, घरातल्या लेकरांना लागण. खोकल्याला लिव्हो लिहायची सवय लावूनच घेऊ नका.

आणि विडाल, म्हणजे टायफॉइडसाठी केली जाणारी टेस्ट. आमच्या भागात "टायफॉइड निघाला" हे वाक्य जितक्या वेळा ऐकू येतं, तितका टायफॉइड नाही. फर्नां विडाल यांनी ही टेस्ट १८९६ साली मांडली. ती प्रतिपिंडं मोजते. आधी कधी टायफॉइड होऊन गेला असेल, लस घेतली असेल, दुसराच कुठला ताप असेल, तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. पहिल्या आठवड्यात खरा टायफॉइड असूनही निगेटिव्ह येऊ शकते. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा करून टायटर चौपट झालं तर काही अर्थ, आणि तसं कुणी करत नाही. तिसऱ्या दिवशीच्या एका विडालवर सात दिवस सलाईन आणि इंजेक्शन लागलेले पेशंट मी दर आठवड्याला बघतो. कुटुंबाचे हजारो रुपये त्यात जातात. टायफॉइडचा संशय खरोखर असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी ब्लड कल्चर पाठवा. जिल्ह्याच्या लॅबचा माणूस रोज येत असेल तर बाटली दवाखान्यात ठेवता येते. जोडीला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) मागवा. टायफॉइड आणि डेंग्यू दोन्हींत पांढऱ्या पेशी कमी दिसू शकतात, पण पेशी वीस हजार असतील तर तुम्ही दुसरीकडे शोधायला लागता.

गळू, पू झालेली जखम, दुखरी दाढ: इथे सीआरपी वाढलेलंच असणार. पू काढा.

पाचवी पायरी: पेशंटशी बोलणं

नेदरलँड्समध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही डॉक्टरांना सीआरपीचं मशीन दिलं, काहींना फक्त पेशंटशी बोलायचं प्रशिक्षण. मशीनवाल्यांकडे अँटिबायोटिक ३१ टक्के पेशंटना मिळालं, मशीन नसलेल्यांकडे ५३. बोलायला शिकलेल्यांकडे २७, न शिकलेल्यांकडे ५४. आपण मशीन विकत घेऊन बोलणं टाळतो, म्हणून हे सांगतोय.

पेशंटला कॅसेट हातात द्या. रेघ दाखवा. "काकू, हा तुमच्या रक्तातला सुजेचा आकडा, १२. छातीत जंतूंचा न्यूमोनिया असता तर हा बहुतेक बराच वर गेला असता. तुमची छाती मी ऐकली, श्वास मोजला, तेही ठीक आहे. हा व्हायरल खोकला. याला जंतूंची गोळी लागू पडत नाही, वरून जुलाब लागतील." मग खोकल्याची मुदत सांगा. लोकांना वाटतं खोकला आठवड्यात जातो, आणि तो सरासरी अडीच आठवडे रेंगाळतो. हे आधी सांगितलं नाही तर आठव्या दिवशी पेशंट दुसऱ्या दवाखान्यात असतो आणि तिथे त्याला अँटिबायोटिक मिळतं. नवव्या-दहाव्या दिवशी खोकला उतरणीला लागतो तेव्हा गुण त्या गोळीच्या नावावर जातो.

"सुई तर द्या" हे येणारच. चिडू नका. तीस किलोमीटर चालून-बसून आलेल्या माणसाला हातात काहीतरी हवं असतं. मी गरम पाण्याची वाफ, हळद-गूळ, पॅरासिटामॉलच्या वेळा, आणि कधी परत यायचं, हे सगळं मोठ्या मराठी अक्षरांत कागदावर लिहून देतो: दम लागला, छातीत एका जागी टोचायला लागलं, थुंकीत रक्त दिसलं, चौथ्या दिवशीही ताप राहिला, तर रात्री-बेरात्रीही या. वाचता येत नसेल तर सोबतच्या नातवाला वाचून दाखवायला सांगतो.

पैशाचंही उघड बोला. अमॉक्सिसिलिनचा कोर्स स्वस्त आहे आणि टेस्ट कधीकधी त्याहून महाग पडते. पेशंट हे बरोबर ओळखतो. म्हणून मी सीआरपी थोड्याच लोकांची करतो आणि त्यावर नफा धरत नाही. ज्याला परवडत नाही त्याला दोन दिवसांनी फुकट पुन्हा तपासतो. कान, हात आणि घड्याळ यांनी पुष्कळ काम होतं.

द्यायचंच ठरलं तर

साध्या न्यूमोनियाला, घरी राहू शकणाऱ्या मोठ्या माणसाला, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अँटिबायोटिक पुस्तकातही पहिली निवड अमॉक्सिसिलिनची आहे, पाच दिवस. पेनिसिलिनची ॲलर्जी विचारून घ्या. ॲझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन हे तिघेही त्या संघटनेच्या 'वॉच' गटात आहेत, म्हणजे जपून वापरायचे. आपल्याकडे नेमके तेच हाताला आधी लागतात. सेफिक्झिम आणि लिव्होफ्लॉक्सासिन १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच१ मध्ये आहेत, मेडिकलवाल्याला त्यांची वेगळी नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये डॉक्टरांना अँटिबायोटिक लिहिताना कारणही लिहायचं आवाहन केलं. मी चिठ्ठीवर एक ओळ टाकतो: "सीआरपी ११८, उजवीकडे खाली क्रेप्स (कुरकुर)." पुढच्या डॉक्टरला ती ओळ फार उपयोगी पडते.

औषध सुरू केलं की तिसऱ्या दिवशी पेशंट बघा. तेव्हा पुन्हा सीआरपी करायचं असेल तर ते निम्म्यावर यायला हवं. आलं नाही तर औषध बदलण्याआधी निदान बदलून बघा: टीबी, स्क्रब, फुफ्फुसाभोवती साठलेलं पाणी. एक्स-रे आता टाळू नका.

वही

दोनशे पानी वही घ्या आणि सहा रकाने आखा: तारीख, तापाचा कितवा दिवस, तपासून काय वाटलं, आकडा, काय केलं, पुढे काय झालं. तिसरा रकाना आकडा येण्याआधी भरायचा, नंतर नाही. शंभर ओळी भरल्या की आपला कान किती खरा आहे आणि कुठे चुकतो ते दिसायला लागतं. मला कळलं की मी म्हाताऱ्यांच्या छातीत नसलेला न्यूमोनिया ऐकतो आणि तरुण धडधाकट पोरांमध्ये असलेला सोडून देतो. शेवटच्या रकान्यासाठी फोन करावा लागतो. ओपीडी संपल्यावर रोज पाच फोन, एवढाच नेम ठेवा.

मावशींच्या ओळीत शेवटच्या रकान्यात लिहिलंय: गुरुवारी बाजाराला आल्या. ताप मंगळवारीच उतरला. चिठ्ठी पिठाच्या डब्यात, वापरली नाही. खोकला आहे, झोप लागते.